गाडीसाठी सीडीवरची गाणी : नावं, फोल्डर आणि क्रम कसा लावायचा?

कृष्णाकाठ, सांगली

नमस्कार मंडळी. आमच्या नव्या गाडीत सीडी घालायला जागाच नाही, फक्त यूएसबी. आणि घरात बाबांनी वर्षानुवर्षं जमवलेल्या सीडींचं कपाट आहे. ख्यालगायन, नाट्यसंगीत, अभंग, भावगीतं, थोडं वाद्यसंगीत. त्या सगळ्या लॅपटॉपवर उतरवून पेनड्राइव्हवर घ्यायचं काम मी हातात घेतलंय आणि बरंचसं झालंही आहे. उतरवायला फारसं डोकं लागत नाही. खरी मेहनत नावं घालण्यात आहे, म्हणून हा धागा.

ज्यांनी हे कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. ऑडिओ सीडीवर फाइली नसतातच. सलग ध्वनी असतो आणि सुरुवातीला कुठला ट्रॅक कुठून सुरू होतो एवढा एक तक्ता. गाण्याचं नाव, गायक, राग यातलं काहीही त्या तक्त्यात नसतं. सीडी-टेक्स्ट म्हणून सोय नंतर आली, पण आमच्या कपाटातल्या सीडींवर ती जवळपास नाहीच. सीडी लॅपटॉपमध्ये घातल्यावर जी नावं उमटतात ती इंटरनेटवरच्या कोशातून येतात. ट्रॅक किती आणि प्रत्येकाची लांबी किती, यावरून सीडी ओळखायची आणि कुणीतरी पूर्वी भरून ठेवलेली नावं दाखवायची, अशी ती पद्धत. हिंदी सिनेमाच्या सीडींना नावं पटकन सापडतात. नाट्यसंगीताची सीडी घातली की एक तर काहीच येत नाही, नाहीतर लांबी जुळल्यामुळे भलत्याच अल्बमची नावं येतात.

आमची अडचण आणखी एका कारणाने वाढली. घर गावभागात. ऑगस्ट २०१९च्या पुरात कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्याखाली गेले. सीडी धुऊन पुसून बऱ्याचशा वाचल्या, पण आतल्या कागदी पुस्तिकांचा लगदा झाला. आता तबकडी आहे, आवाज स्वच्छ आहे, पण नावाला आधार नाही.

मी विचार करून जे ठरवलंय ते असं. घरी आपण सीडी कव्हर बघून काढतो. गाडीत तसं कुणी मागत नाही. आई म्हणते, "सकाळचं काहीतरी लाव." बाबा विचारतात, "मारवा आहे का गं?" लेकीला तिची गाणी हवी असतात आणि तीही लगेच. मग गाडीतली मांडणी सीडीच्या खोक्याप्रमाणे कशाला ठेवायची? मागणाऱ्याच्या तोंडून जो शब्द येतो तोच फोल्डरला आणि तोच फाइलच्या नावात सगळ्यात आधी. चालवणाऱ्याला पडद्याकडे एक नजर टाकायला मिळते, तीही जपून. पहिल्या दहा-बारा अक्षरांत कळलं नाही तर ते नाव गाडीच्या कामाचं नाही.

म्हणून माझे फोल्डर : पहाट-सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र हे शास्त्रीयसाठी, कारण रागांना गायची वेळ ठरलेली असते. मग नाट्यसंगीत, अभंग, भावगीतं, मुलांची. फोल्डरच्या पोटात फोल्डर अजिबात नाही.

तीन गोष्टींवर मतं हवी आहेत. गाडी आपण लावलेला क्रम पाळत नाही, त्याचं काय? नावं देवनागरीत ठेवावीत का? आणि गायकांची नावं कशी लिहायची?

अजिंक्यतारा, सातारा

उत्तम धागा. क्रमाचं मी सांगतो, कारण यावर मी बरंच डोकं घातलं आहे.

बऱ्याच गाड्यांचे स्टिरिओ नाव वाचून क्रम लावतच नाहीत. पेनड्राइव्हवर फाइल ज्या क्रमाने लिहिली गेली त्याच क्रमाने वाजवतात. लॅपटॉपवर तुम्हाला सगळं नावाप्रमाणे नीट दिसतं, कारण लॅपटॉप दाखवताना क्रम लावून दाखवतो. आत पेनड्राइव्हच्या नोंदवहीत मात्र जी फाइल आधी पोचली ती वर असते. नंतर आठवण झाली म्हणून एक फाइल आणून टाकली की ती शेवटीच जाऊन बसते, तिच्या नावात '१' हा आकडा असला तरी.

यावर दोन इलाज. पहिला, पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा करायचा आणि फोल्डर एकेक करून हव्या त्या क्रमाने टाकायचे. दुसरा सोपा. विंडोजवर ड्राइव्हसॉर्ट आणि लिनक्सवर फॅटसॉर्ट असे छोटे प्रोग्रॅम आहेत, ते ती आतली नोंदवहीच नावाप्रमाणे लावून देतात. गाणी भरली की शेवटी एकदा चालवायचा.

जे स्टिरिओ नावाने क्रम लावतात त्यांच्यासाठी आकडा दोन अंकी ठेवा, ०१, ०२ असा. नुसता १, २ ठेवला तर १० हा २च्या आधी येतो, कारण यंत्र अक्षराला अक्षर लावून बघतं.

पेनड्राइव्हवर फाइली मांडायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात, त्यातल्या फॅट३२मध्ये तो फॉरमॅट करा. एक्सफॅट काही गाड्या घेतात, एनटीएफएस बहुतेक घेत नाहीत. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह विकत आणलात तर तो बहुधा एक्सफॅट असतो आणि विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२चा पर्याय दिसत नाही. त्यापेक्षा सरळ ३२चा घ्यावा, आपल्याला पुरून उरतो.

आणि मॅकवरून कॉपी करणाऱ्यांनी एक बघा. मॅक प्रत्येक गाण्यामागे टिंबाने सुरू होणारी एक लपलेली फाइल टाकतो. काही गाड्यांना ती गाणं वाटते आणि "वाजवता येत नाही" असा निरोप येत राहतो. कॉपी झाल्यावर त्या फाइली काढून टाकायच्या.

तासगावकर

लई कामाचा धागा ताई. माझी गाडी भाड्यावर असते, पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर चालू असतं. देवनागरीचं माझ्यापुरतं सांगतो. माझ्या स्टिरिओवर देवनागरी नाव टाकलं की नुसते चौकोन चौकोन दिसतात. मित्राच्या गाडीत अक्षरं दिसतात, पण ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येते आणि जोडाक्षराचे तुकडे होतात. 'भक्ती' वाचायला दोन वेळा बघावं लागतं. चालवताना दोन वेळा बघायचं म्हणजे अवघडच. मी सगळी नावं रोमनमध्येच ठेवलीत.

अभंगाचं एक सांगा. वारकरी मंडळी बसली की त्यांना अमुक संतांचे हवे असतात, गायकाचं त्यांना काही नसतं.

कृष्णाकाठ, सांगली

तासगावकर दादा, तेच तर. अभंगाच्या फाइलीत मी आता संताचं नाव पुढे घेणार. तुकोबा, नामदेव, जनाबाई, चोखोबा, मग अभंगाचे पहिले दोन शब्द, मग गायक. मागणाऱ्याचा शब्द आधी, हा नियम इथे आपोआप लागू पडतो. तुमच्यासारख्या रोज प्रवासी नेणाऱ्या माणसाकडून हे कळलं ते फार बरं झालं.

मिरजेची_सई

गायकांच्या नावाबद्दल मला कळकळीने लिहायचंय.

एकाच गायकाच्या तीन सीडी घ्या. एकीवर 'भीमसेन जोशी', दुसरीवर 'पं. भीमसेन जोशी', तिसरीवर 'पंडित भीमसेन जोशी'. आपल्या दृष्टीने एकच माणूस. गाडीच्या दृष्टीने तीन वेगळे कलाकार, तीन वेगळ्या जागी. त्यात रोमनमध्ये लिहिलं की सगळे पंडित 'पी'खाली आणि सगळे उस्ताद 'यू'खाली जमा होतात. कलाकारांची यादी उघडली की पहिले चार पडदे नुसते पंडितच. तसंच रागाचं. प्रत्येक फाइल 'राग' या शब्दाने सुरू केली तर सगळं भांडार 'आर'खाली एका रांगेत. 'राग' हा शब्द काढूनच टाका. यमन म्हटल्यावर तो राग आहे हे ऐकणाऱ्याला माहीत असतं.

दुसरं स्पेलिंग. बागेश्रीच्या शेवटी एका कंपनीने एक 'आय' लावलेला असतो, दुसरीने दोन 'ई'. मारव्यात कुठे 'व्ही', कुठे 'डब्ल्यू'. मालकंसाचे तर किती प्रकार! कोशातून आलेली नावं जशीच्या तशी घेतली तर तुमच्याकडे तीन बागेश्री होतात. मी एक वही केली आहे. एका पानावर राग, एका पानावर गायक, प्रत्येकाचं एकच स्पेलिंग कायमचं ठरवलेलं. नवीन सीडी आली की आधी वही उघडायची. टॅग म्हणजे फाइलीच्या आत लिहिलेली गाणं, गायक वगैरे माहिती. ती बदलायला एमपी३टॅग नावाचा प्रोग्रॅम विंडोजवर फुकट मिळतो, त्यात शंभर फाइली निवडून एका फटक्यात सगळ्यांचं स्पेलिंग एकसारखं करता येतं, आणि टॅगवरून फाइलचं नाव किंवा नावावरून टॅग असं दोन्ही बाजूंनी करता येतं.

जुना_टेपवाला, कराड

सईताई, स्पेलिंगचं सगळं पटलं, पण 'पंडित' आणि 'उस्ताद' काढून टाकायचं मनाला पटत नाही. ज्यांच्या पायाशी बसून लोक शिकले त्यांची नुसती नावं लिहायची?

मिरजेची_सई

काका, मी आदर काढा म्हणत नाही, फक्त जागा बदला म्हणते. नाव आधी, उपाधी शेवटी. 'भीमसेन जोशी, पं.' असं. शोधायलाही सोपं आणि उपाधीही राहिली. आमच्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांना नुसतं 'खाँसाहेब' म्हटलं तरी कळतं, पण गाडीला कळायला हवं ना.

त्यांच्यावरून आठवलं. खाँसाहेब १९३७ साली गेले, त्यामुळे त्यांचं ध्वनिमुद्रण सगळं जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवरचं. एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. सीडीवर अशा पुष्कळ बाजू ओळीने येतात. हे तीन मिनिटांचे राग आणि पुढच्या पिढीतले पाऊण तासाचे ख्याल एकाच फोल्डरमध्ये मिसळू नका. आवाजाची पातळी वेगळी, मागची खरखर वेगळी, ऐकायची तयारीही वेगळी. मी 'तबकड्या' असा वेगळा फोल्डर केला आहे आणि तो सलग ऐकायला फार सुंदर वाटतो.

जुना_टेपवाला, कराड

उपाधी शेवटी, हे मान्य. छान तोड काढलीत.

आता उतरवण्याबद्दल माझे दोन शब्द, कारण इथे घाई केली तर पुढची सगळी मेहनत पुन्हा करावी लागते. सीडी एकदाच उतरवायची आणि ती फ्लॅक या प्रकारच्या फाइलींमध्ये. फ्लॅकमध्ये ध्वनीतला कणही जात नाही आणि जागा साधारण निम्मी लागते. सीडीचा मूळ ध्वनी सेकंदाला १४११ किलोबिटचा, म्हणजे तासाभराची सीडी ६३५ एमबीच्या आसपास. तेच ३२० किलोबिटच्या एमपी३मध्ये १४४ एमबी. फ्लॅकचा संच घरच्या हार्ड डिस्कवर ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. त्यातून गाडीसाठी एमपी३ची प्रत काढायची. उद्या नवी गाडी फ्लॅक वाजवणारी आली तर पुन्हा सीडी शोधत बसायला नको. हायवेवर टायरचा आणि वाऱ्याचा आवाज धरला तर ३२०च्या एमपी३त आणि फ्लॅकमध्ये मला तरी फरक ऐकू येत नाही. घरी शांत खोलीत बसल्यावरची गोष्ट वेगळी.

विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्रॅम वापरा. ओरखडे असलेल्या जागा तो पुन्हा पुन्हा वाचतो, आणि अ‍ॅक्युरेटरिप या इंटरनेटवरच्या नोंदींमधून इतरांनी उतरवलेल्या त्याच सीडीशी आपला निकाल ताडून बघतो. जुळलं की निर्धास्त. मराठी सीडींची नोंद तिथे क्वचित असते, तेव्हा दोनदा उतरवून दोन्ही सारख्या आल्या का ते बघायचं.

पुराच्या सीडींचं विचारतो. तुम्ही पुसल्या कशा?

कृष्णाकाठ, सांगली

काका, आधी साध्या पाण्याच्या धारेखाली धरून गाळ वाहू दिला. गाळात बारीक वाळू असते, ती घासली की ओरखडेच. मग पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब, मऊ सुती कापड, आणि मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसायचं. गोल गोल पुसायचं नाही. गोल ओरखडा वाचणाऱ्या किरणाच्या वाटेने लांबवर जातो आणि दुरुस्तीच्या पलीकडे जातो, आडवा ओरखडा तो पटकन ओलांडतो. छापील बाजूला जास्त जपावं लागतं, कारण चकाकणारा पातळ थर त्या बाजूला अगदी वर असतो, त्यावर फक्त लाखेचा मुलामा. ज्यांच्या कडेतून पाणी आत शिरलं होतं त्यांना डाग पडले आणि त्या गेल्या.

अजिंक्यतारा, सातारा

ज्यांच्या पुस्तिका गेल्या त्या सीडींच्या खालच्या बाजूला, मधल्या भोकाभोवतीची आरशासारखी पट्टी उजेडात तिरकी धरून बघा. तिथे बारीक अक्षरांत क्रमांक कोरलेला असतो, आणि त्यात बहुधा कंपनीचा अल्बम क्रमांक असतो. तो इंटरनेटवर शोधला की पुष्कळदा कव्हरचा फोटो सापडतो आणि मागच्या बाजूची यादी वाचता येते. मग ट्रॅकची लांबी जुळते का ते पाहायचं. मिनिट-सेकंद जुळले की शंका राहत नाही.

कृष्णाकाठ, सांगली

अजिंक्यतारा, हे भन्नाट आहे! निम्म्या सीडींची यादी यातून लागली. उरलेल्यांसाठी माझ्याकडे आईच आहे.

काल ती जेवणाच्या टेबलाशी शेपू निवडत बसली होती आणि मी लॅपटॉपवरून एकेक अनोळखी फाइल लावत होते. एक आलाप सुरू झाला. मी म्हटलं, भूप, आणि 'रात्र' फोल्डरवर बोट नेलं. आई मान वर न करता म्हणाली, "थांब, देशकार असेल. धैवतावर बसतोय बघ सारखा." दोन्हींत तेच पाच स्वर : सा, रे, ग, प, ध. भूपात गंधाराला (ग) मान, देशकारात धैवताला (ध). भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरातला, देशकार सकाळचा. म्हणजे तो ट्रॅक 'पहाट-सकाळ'मध्ये गेला. कुठल्याही कोशाने हे सांगितलं नसतं. तिचं ऐकत ऐकत मी फोनवर तिचा आवाजही टिपून ठेवते, म्हणजे कुठला राग का म्हणाली ते नंतरही कळेल. घरात कुणी जाणकार वडीलधारं माणूस असेल तर हे काम त्यांच्या शेजारी बसूनच करा, आणि लवकर करा.

निवांत_प्रवासी, सातारा

मी फक्त वाचत होतो, पण दोन प्रश्न सगळ्यांनाच पडत असतील. १. विलंबित (संथ लय) संपून द्रुत (जलद लय) सुरू होताना गाडीत मध्ये बारीक गॅप येते, सीडीवर नव्हती. २. भावगीताचा आवाज मोठा आणि पुढचा आलाप ऐकूच येत नाही, खंबाटकी घाटात तर नाहीच.

जुना_टेपवाला, कराड

पहिलं : एमपी३ करताना फाइलीच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते. काही प्लेअर ती कापून वाजवतात, गाडीतले बरेच कापत नाहीत. मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात तबल्याच्या ठेक्यावरच विलंबिताचं द्रुत होतं, तिथे ती खटकतेच. म्हणून विलंबित आणि द्रुत उतरवतानाच एक सलग फाइल करायची. बहुतेक प्रोग्रॅममध्ये तशी सोय असते. प्रवासात कुणी नुसतं द्रुत काढून ऐकत नाही. कराडहून साताऱ्यापर्यंतच्या पन्नासेक किलोमीटरमध्ये एक राग विलंबितापासून द्रुतापर्यंत निवांत पुरा होतो, आणि मध्ये बटणाला हात लावावा लागत नाही.

दुसरं : एमपी३गेन नावाचा प्रोग्रॅम. प्रत्येक फाइलची पातळी मोजून तो एका पातळीला आणतो, दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी. पुन्हा एमपी३ करावी लागत नाही, दर्जा जात नाही आणि उलटवताही येतं. घरचे प्लेअर फाइलीतला रिप्लेगेन नावाचा टॅग वाचतात, पण गाड्या तो सहसा वाचत नाहीत, म्हणून हा मार्ग. आलाप मुळात मंद आणि तान जोरात, हा एकाच फाइलीतला फरक मात्र याने जात नाही आणि जाऊही नये.

मिरजेची_सई

नाट्यसंगीताच्या संकलनाचं राहिलं. एका सीडीवर दहा गायक असले की गाडी तिचे दहा अल्बम करते, प्रत्येकात एकेक पद. एमपी३टॅगमध्ये 'अल्बम आर्टिस्ट' असा वेगळा रकाना आहे, त्यात सगळ्यांना 'विविध' लिहा. गायकाचा रकाना तसाच राहू द्या. बहुतेक गाड्यांत सीडी पुन्हा एकत्र दिसते. आणि टॅग जतन करताना आयडी३ची (एमपी३मधले टॅग लिहायची पद्धत) २.३ ही आवृत्ती निवडा. २.४ नवी आहे, पण जुन्या स्टिरिओंना ती वाचता येत नाही आणि नावाच्या जागी काहीच दिसत नाही.

कव्हरचा फोटो घालायचा तर साधा जेपीईजी, पाचशे बाय पाचशे पिक्सेल पुरे. मोठा फोटो प्रत्येक गाण्यात घातला की पेनड्राइव्ह लावल्यावर गाडी यादी करत बसते.

तासगावकर

ताई, तुमचं सगळं झालं की एक पेनड्राइव्ह मला भरून द्याल का? पैसे देतो.

कृष्णाकाठ, सांगली

दादा, गाणी देता येणार नाहीत, राग मानू नका. आपल्याच सीडीची आपल्याच वापरासाठी प्रत काढणं वेगळं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये खासगी वापराला सवलत आहे. भरलेला पेनड्राइव्ह विकणं त्यात बसत नाही, आणि गाणाऱ्यांच्या, वाजवणाऱ्यांच्या दृष्टीनेही ते बरं नाही. पण नावांची माझी पूर्ण यादी देते. संत, अभंगाचे पहिले शब्द, गायक, सीडीचा क्रमांक, सगळं एका तक्त्यात. तुमच्याकडच्या सीडी त्यावरून ताडून बघा. सईताईंच्या वहीतली स्पेलिंगं त्यात घेतली की इथेच टाकते, म्हणजे सगळ्यांचा एकच पाठ राहील.

मिरजेची_सई

वहीची पानं आज फोटो काढून पाठवते. मल्हाराचे प्रकार आणि कानड्याचे प्रकार मी आडनावासारखे लिहिलेत, 'मल्हार मियाँ', 'मल्हार गौड', 'कानडा दरबारी', 'कानडा अडाणा', म्हणजे कुटुंब एका जागी येतं. तुम्हाला उलटं हवं असेल तर सांगा, एमपी३टॅगमध्ये बदलायला वेळ लागत नाही.

जुना_टेपवाला, कराड

मल्हार तसाच ठेवा, पावसात 'मल्हार लाव' असंच म्हणतात. दरबारी मात्र 'दरबारी'च राहू द्या. त्याला कुणी कानडा म्हणून मागत नाही.

कृष्णाकाठ, सांगली

काकांचं बरोबर आहे. मल्हार कुटुंबाने, दरबारी आणि अडाणा स्वतःच्या नावाने. तक्त्यात तसं करते.